वऱ्हाडातील दोन खार

इ.स. १५९६ मध्ये चांदबिबीशी झालेल्या तहाने वऱ्हाड अकबराच्या राज्यात आले आणि 'आईन-ए-अकबरी'त या नव्या सुभ्याचे वर्णन घालण्याची पाळी अबुल फजलावर आली. एलिचपूर, म्हणजे आजचे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर, हे सुभ्याचे मुख्य ठाणे. गाविलगड, नरनाळा हे किल्ले, कुठल्या सरकारात किती महाल, वसूल किती, अशी नोंद चालू असताना मेहकर सरकारातील लोणारपाशी त्याची लेखणी जराशी रेंगाळते. हे स्थान ब्राह्मण विष्णुगया म्हणून मानतात असे तो सांगतो. खाऱ्या पाण्याचा उल्लेख करतो. आणि त्याच दमात नोंदवून जातो की काच व साबण करण्यास जे जे लागते ते सारे इथल्या डोंगरांत मिळते, शिवाय सोऱ्याच्या कारखान्यांतून सरकारला चांगला वसूल येतो.

वऱ्हाडच्या इतिहासाच्या वाचकाला या नोंदीतील तीर्थ ठाऊक असते, विवर ठाऊक असते, चक्रधरस्वामींचे लोणारला झालेले वास्तव्य 'लीळाचरित्रा'मुळे ठाऊक असते. साबण मात्र नजरेतून निसटतो. माझ्याही तो बरीच वर्षे निसटला होता. आज 'घरच्या घरी नैसर्गिक साबण' हा विषय अकोला-अमरावतीतील महिला मंडळांपासून बचत गटांपर्यंत सर्वत्र आवडीचा झाला आहे, आणि त्याबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येते : आपल्या आजीच्या काळी हे सगळे घरीच होत असे. हे वाक्य ऐकल्यावर मला अबुल फजल आठवतो. ज्या प्रांतात साबणाचा कच्चा माल डोंगरात पडलेला होता असे चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले, त्या प्रांतातल्या आजीने खरोखरच घरी साबण केला होता काय?

माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यात आजीचा कमीपणा नाही.

आधी लोणारचा खार पाहू. अकोल्याच्या नैर्ऋत्येस, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेले हे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी साठलेले पाणी इतके अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. पुराणकथेप्रमाणे विष्णूने लवणासुराला येथे मारले. पाणी हे त्याचे रक्त आणि खार हे त्याचे मांस. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे. कथा बाजूला ठेवली तरी 'मांस' हा शब्द लक्षात राहण्यासारखा आहे, कारण उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर जो थर उरे तो लोक अक्षरशः खरवडून, खणून काढत. त्याच्या निरनिराळ्या प्रतींना निरनिराळी नावे होती. जुन्या इंग्रजी अहवालांत डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी ती रोमन लिपीत नोंदलेली सापडतात. रसायनशास्त्राच्या भाषेत हा मुख्यतः सोडियमचा कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, त्यात साध्या मिठाची भेसळ. पापडात, कापड रंगवण्यात, धुण्यात आणि बांगड्यांच्या काचेत तो वापरला जाई.

साबणाचे शास्त्र थोडक्यात असे. तेल किंवा चरबी आणि तीव्र अल्क एकत्र आले की साबण व ग्लिसरीन तयार होते. नुसता खार त्याला पुरेसा तीव्र नसतो. त्याच्या द्रावणात चुन्याची निवळी मिसळून त्याला 'चढवावे' लागते. चुना खाली खडूच्या रूपाने बसतो आणि वर उरते ते कॉस्टिकचे पाणी. खार सोडियमचा असेल तर साबणाची घट्ट वडी बनते. लाकडाच्या राखेतील खार मात्र पोटॅशियमचा असतो आणि त्याचा साबण खळीसारखा मऊच राहतो. लोणारचा खार पहिल्या जातीचा, चुनखडीचे खडे काळ्या जमिनीत पाहिजे तितके, आणि जवस, तीळ, करडईचे तेल घाणीघाणीतून. अबुल फजलाने 'जे जे लागते' असे म्हटले ते अतिशयोक्तीने नव्हे.

पण लागणारा माल असणे निराळे आणि माल घरात येणे निराळे. उकळत्या कॉस्टिकची कढई हे घरगुती काम नव्हते. ते बाजारातल्या कारागिराचे काम होते, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे लष्कर, सराफ, रंगारी आणि शहरातील उंची वस्त्रे वापरणारे लोक. शब्दच ते सांगतो. 'साबण' हा आपल्याकडे अरबी-फारसी 'साबून'वरून आला आणि तो मुळात लॅटिन 'सापो'चा वंशज आहे. संस्कृतात या वस्तूला रूढ शब्द नाही. वात्स्यायनाच्या नागरकाच्या दिनचर्येत 'फेनक' येतो, पण टीकाकारांच्या वर्णनावरून तो फेस येणारा वनस्पतिज पदार्थ वाटतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती, कांबळ्यासाठी रिठा, क्षौमवस्त्रासाठी पांढरी मोहरी अशी वस्त्रपरत्वे शुद्धिद्रव्ये दिली आहेत. ही यादी साबण नसलेल्या समाजाची आहे आणि ती गरीब यादी नाही. प्रत्येक कापडाला त्याचे स्वतःचे द्रव्य आहे.

वऱ्हाडातील घरातही असेच होते. चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत. त्यांची राख भांड्यांना. तीच राख गरम पाण्यात कालवून, निवळू देऊन, वरचे बुळबुळीत पाणी कपड्यांना. केसांना शिकेकाई व रिठा, अंगाला डाळीचे पीठ, दिवाळीला उटणे. पऱ्हाटीची राख ही इथली खास वस्तू म्हणायची, कारण कापसाचे बोंड बाजारात गेले तरी झाड शेतकऱ्याच्या घरातच राही. म्हणजे ज्या झाडाचे कापड व्हायचे त्याच झाडाच्या राखेने कापड धुतले जाई. हे मी सुभाषित म्हणून सांगत नाही. राख-पाण्याने हाताची साल निघत असे आणि हात बाईचेच असत, हेही त्याच वाक्यात घेतले पाहिजे.

आणि जे घरात धुतले जात नसे? ते वरठ्याकडे जाई. आपल्याकडे परिटाला वरठी म्हणतात. बारा बलुत्यांपैकी तो एक. सुतकातले कपडे, बाळंतिणीचे कपडे, लग्नाच्या पायघड्या हे सारे त्याच्या हातचे. मोबदला सुगीच्या धान्यात. खार घालून भट्टी लावणे, वाफवणे, नदीवर आपटणे हे ज्ञान त्याच्या घराण्यात होते. घरी साबण का नव्हता याचे अर्धे उत्तर येथे आहे. ज्या घराला आपला मळ दुसऱ्याकडे पाठवण्याची सोय होती त्याला साबणाची गरज नव्हती, आणि ज्या घराला ती सोय नव्हती त्याला साबण परवडत नव्हता. 'आजीचा साबण' म्हणताना आपण वरठ्याला चित्रातून वगळतो. ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

उरलेले अर्धे उत्तर पाण्यात आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला साबण म्हटले की तुकोबा आठवावेत. त्यांच्या एका अभंगात साबणाचा दृष्टान्त येतो. पाणीच निर्मळ नसल्यावर साबणाचा उपयोग तो काय, असा त्याचा रोख आहे, आणि मग चित्तशुद्धीवाचूनच्या उपदेशाला तो लावलेला आहे. वर्गात आपण हा अभंग शिकवतो तेव्हा दृष्टान्त चटकन ओलांडून दार्ष्टान्तिकाकडे, म्हणजे चित्ताकडे, जातो. दोन गोष्टी त्यामुळे राहून जातात. एक, सतराव्या शतकात देहूच्या वाण्याला आणि त्याच्या श्रोत्यांना साबण ही ओळखीची, दृष्टान्ताला घेण्याइतकी रुळलेली वस्तू होती. दुसरी, दृष्टान्त निव्वळ नीतीचा नाही, तो निरीक्षणाचा आहे. साबण पाण्यावर अवलंबून असतो, हे ज्याने पाहिले त्यालाच तो सुचेल. हा अभंग मला नेहमी पूर्णाकाठी शिकवावासा वाटतो, कारण तिथला विद्यार्थी शब्दशः अर्थाने आधी हसेल आणि मग मान डोलावेल.

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून, खारपाणपट्टा पसरला आहे. आठशेहून अधिक गावे त्यात येतात. वर उत्तम काळी जमीन आणि खाली विहिरीला खारट पाणी. एकेकाळी पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरींतून मीठ काढले जात असे. समुद्राचे मीठ स्वस्तात येऊ लागल्यावर तो धंदा बसला. पाणी मात्र तसेच राहिले. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, पिकाला ते चालत नाही, आणि पिण्याने मूत्रपिंडाचे विकार होतात अशी तक्रार पट्ट्यातल्या गावागावांतून आहे. साबणाची गत काय? पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि न विरघळणारा चिकट चोथा करतात. त्यात मिठाचा अंश जास्त असला की साबण पाण्यातून बाहेरच फेकला जातो. साबणाच्या कारखान्यात वडी घट्ट करण्यासाठी मुद्दाम मीठ घालतात ते याच गुणामुळे. खारपाणपट्ट्यातील बादलीत ती क्रिया आपोआप घडते. फेस येत नाही, कपड्यावर पांढरट साका बसतो, केसांच्या जटा होतात.

एकाच प्रांतात असे दोन खार आहेत. लोणारचा खार साबण करतो. पूर्णेचा खार साबण मोडतो. अकोल्याची आजी या दुसऱ्या खारात राहत होती. तिने रिठा आणि राख धरून ठेवली ती साबण माहीत नव्हता म्हणून नव्हे. रिठ्याचा फेस जड पाण्यात साबणासारखा फाटत नाही, आणि राखेचे किंवा खाराचे पाणी आधी टाकले तर पाण्यातील जडपणाचा बराच भाग तळाशी बसतो. ज्याला आपण मागासलेपण समजलो ती त्या पाण्याला दिलेली नेमकी जोड होती. अर्थात मिठाचा खारटपणा राखेने जात नाही. म्हणूनच न्हाणासाठी पावसाचे किंवा दुरून आणलेले गोडे पाणी वेगळे राखण्याची रीत या गावांत पडली.

या पट्ट्यातच एक मोठे नाव येते, आणि त्याच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाच्या घरी, गुरे राखण्यात आणि शेतकामात गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. पूर्णेवरील ऋणमोचन येथे यात्रेकरूंसाठी घाट बांधवून घेणे हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्यांनी त्यांची चरित्रे लिहिली. या चरित्रपरंपरेत जातीचा उल्लेख पहिल्या पानांवर येतो आणि नंतर खराटा सगळी जागा व्यापतो. मला वाटते, खराट्याचा अर्थ परिटाच्या धंद्याशी जोडून वाचला तर जास्त कळतो. बलुतेदारीत परीट गावाचा मळ उचलून नदीवर नेतो आणि गाव स्वच्छ राहते. मळ गावाचा, काम त्याचे. गाडगेबाबांनी हा करार मोडला. ते ज्या गावात जात तेथे आधी रस्ता झाडत, म्हणजे त्याच गावाच्या डोळ्यांदेखत गावाचा मळ गावातच दाखवत, आणि संध्याकाळी कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. धुण्याचे काम एका जातीकडून काढून सर्वांच्या हाती देण्याचा तो मार्ग होता. त्यांच्या हातात साबण कधी दिसत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले. पेढी ही पूर्णेलाच मिळते.

बाजारी साबण वऱ्हाडात सर्वसामान्यांच्या दुकानी आला तो आगगाडीने. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आले होते, १८६० च्या दशकात भुसावळ-बडनेरा मार्गाने रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा येथून गाठी मुंबईस व तेथून लँकेशायरला गेल्या. उलट वाटेने, १८८८ मध्ये लिव्हर बंधूंचा 'सनलाइट' हिंदुस्थानात उतरला. १८९५ मध्ये 'लाइफबॉय' आला. स्वदेशीच्या काळात विलायती साबणातील चरबीचा प्रश्न निघाला आणि १९१८ च्या सुमारास गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. हा भाग सर्वज्ञात आहे. वऱ्हाडाच्या दृष्टीने त्यातली लक्षणीय गोष्ट सरकीची आहे. जगात सरकीचे तेल साबणाला व खाद्याला वापरण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकातच वाढले, अमेरिकेत १९११ मध्ये 'क्रिस्को' हे घट्ट केलेले सरकी तेल घरोघर गेले. आपल्याकडे सरकी बराच काळ म्हशीच्या आंबोणातच राहिली. कापूस आपला, सरकी आपली, खार आपला, आणि साबण मात्र मँचेस्टरच्या शेजारून.

हे उलटवण्याचा एक गंभीर प्रयत्न वर्धा नदीच्या पलीकडे झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत घाणीचे तेल, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर साबणाचेही प्रयोग व शिक्षण सुरू झाले. त्यामागचा विचार साधा होता. निंब, करंज, मोह यांच्या बियांचे तेल खाण्यात येत नाही, झाडाखाली वाया जाते; ते साबणात घालावे. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने 'अखाद्य तेल आणि साबण' असा स्वतंत्र उद्योगच मानला. पण हा साबणही 'घरचा' नव्हता. तो गावचा होता, उद्योगाचा होता, आणि हा फरक कुमारप्पांना महत्त्वाचा वाटत असे.

ग्रामोद्योगाचा साबण खारपाणपट्ट्यात टिकला नाही. तिथे टिकला तो डिटर्जंट. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या मागच्या अंगणात पावडर मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती पिवळी पावडर देशभर झाली. तिच्या यशाचे श्रेय स्वस्ताईला व जाहिरातीला देतात. पूर्णाकाठी मात्र आणखी एक कारण होते : डिटर्जंट जड पाण्यात फाटत नाही. 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' या शब्दांनी आज जो वाद होतो त्यात पाण्याची बाजू कोणी मांडत नाही. घरच्या घरी बनवलेली शेवटची यशस्वी धुण्याची वस्तू ही निर्मा होती असे म्हटले तर नैसर्गिकवाले रागावतील, पण इतिहास तसाच आहे.

आता आजचा घरगुती साबण. वर्गात दोन प्रकार शिकवतात. एकात तयार साबणाचा बेस वितळवून त्यात हळद, निंब, कोरफड घालून साच्यात ओततात. हे साबण करणे नव्हे, साबण सजवणे आहे. दुसरा खरा. १ किलो सरकी तेलाला सुमारे १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, खोबरेलाला १७५ ग्रॅमच्या आसपास. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर नव्हे. भांडे अॅल्युमिनियमचे चालत नाही. हातमोजे, चष्मा हवा. तेलात मिसळून दाट होईतो ढवळायचे, साच्यात ओतायचे, आणि मग चार ते सहा आठवडे वाळत ठेवायचे. वडीत ग्लिसरीन राहते म्हणून ती कातडीला सौम्य वाटते. हा उत्तम साबण असतो. पण त्यातील कॉस्टिक कारखान्यातच मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनवलेला असतो, म्हणून 'रसायनविरहित' हा शब्द वेष्टनावर घालू नये, एवढेच.

लोणारचा खार आता या कामाला येणार नाही. २००० मध्ये तेथे अभयारण्य झाले. २०२० मध्ये जून महिन्यात पाणी गुलाबी झाले म्हणून सारे जग बघायला धावले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवर रामसर यादीत गेले. खरवडण्याचे दिवस संपले.

साबणाच्या कृतीत एक सूचना आवर्जून दिलेली असते : पाणी डिस्टिल्ड घ्यावे. अकोल्यात बाटलीतल्या पाण्याने केलेली निंबाची वडी घेऊन एखादी शिकाऊ बाई खारपाणपट्ट्यातल्या आपल्या गावी परत जाते आणि बादलीत हात घालते, तेव्हा फेस येत नाही. गावातल्या म्हाताऱ्या अशा वेळी जे सांगतील ते रसायनशास्त्राला मान्य होण्यासारखे आहे : आधी पाण्यात चिमूटभर सोडा टाक, थोडा वेळ थांब, साका खाली बसू दे, वरचे पाणी काढून घे, मग लाव तुझा साबन.